आरशामागची मावशी

आई एक डोळा उघडा ठेवून झोपते. दुपारचं जेवण झालं की ती भिंतीकडे तोंड करून आडवी होते. उजव्या डोळ्यावरची पट्टी उशीला घासून सरकते आणि झोपेत कूस बदलली की तो डोळा माझ्याकडे लागून राहतो. बघतो आणि बघत नाही. आई बारीक घोरत असते, पंखा किरकिरत असतो, बाहेर सावेडीच्या रस्त्यानं शाळा सुटलेली पोरं आयांच्या स्कूटरवर मागे बसून घरी चाललेली असतात. आणि पन्नाशी उलटलेली, दोन मुलं मार्गी लावलेली मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली असते. मी जन्माची भित्री. लहानपणी कंपाउंडातली पोरं मला भित्री भागूबाई म्हणूनच हाक मारायची. आता या वयात लपवायचं काय त्यात.

तीन आठवड्यांपूर्वी आई सकाळी चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडात राहीना. उजव्या कोपऱ्यातून ओघळून पातळावर आलं. तिनं आरशात पाहिलं तेव्हा अर्धं तोंड खाली आलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या चालू आहेत, पण खरं काम व्यायामाचं. आरसा समोर धरून भुवया उचलायच्या, गाल फुगवायचे, ओठ रुंद करायचे, शेवटी डोळा हातानं मिटवून धरायचा. दिवसातून चार वेळा, आणि समोर कुणीतरी बघणारं हवं. सुरुवातीच्या दिवसांत नेटानं केलं तर चेहरा परत येतो. नाही केलं तर, असं म्हणून डॉक्टरांनी कागदावर पुढचं औषध लिहायला घेतलं. ते वाक्य तसंच राहिलं.

पहिला आठवडा मला पुण्याहून निघताच आलं नाही. तोवर सुमननं दिवसभर राहून बघितलं. आता ती रोज सकाळी येते, आईला अंघोळ घालते, डोळ्यात थेंब घालते, भाकरी टाकते आणि जाते. हिवरे बाजारच्या बाजूची आहे, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. ती थेंब घालते तेव्हा आई तिच्यापुढे तोंड वर करते. मी खोलीत गेले की पदर उजव्या गालावर येतो. मी उजवीकडे बसले तर आई डावीकडे वळते. मी समोर बसले तर खिडकीतून कडुनिंब बघते. दोन आठवडे झाले, मी माझ्या आईचं अर्धंच तोंड बघितलंय, आणि तेही बाजूनं.

एक दिवसाआड एक मुलगी व्यायाम शिकवायला येते. तेवढ्या वेळापुरतं आई मला खोलीबाहेर काढते आणि दार लावून घेते. काल ती मुलगी बाहेर येऊन चपला घालता घालता हळू आवाजात म्हणाली, "ताई, आजी मधल्या वेळात काहीच करत नाहीत. पहिल्या आठवड्यात गाल हलायला लागला होता. आता परत थांबलाय. असं थांबून चालणार नाही हो."

मी विचारलं, "आणि नाही केलं तर?"

तिनंही ते वाक्य पुरं केलं नाही. हेल्मेट घातलं आणि स्कूटर चालू केली.

हातात धरायचा आरसा घरात नाही, असं आई म्हणाली. मला ते पटलं नाही. चाळीस वर्षं शिवण शिकवलेल्या बाईच्या घरात आरसा नाही? मी शोधत सुटले. शिवणयंत्राच्या ड्रॉवरात बॉबिनी, खडू, बटणांची डबी, आणि त्याखाली तो सापडला. तळहाताएवढा, गोल, कडेला पत्र्याची पट्टी. जत्रेत मिळायचे तसले आरसे, एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला नटीचा फोटो. आरसा स्वच्छ पुसलेला होता. ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी तो उलटा केला आणि तिथंच अडकले.

मागच्या बाजूला ती होती. तिचं नाव नाही सांगत. नाव सांगितलं की तुम्ही तिची गाणी गुणगुणायला लागाल आणि माझं सांगायचं राहून जाईल. तशी आमच्या घरात ती नावानं ओळखली जातच नव्हती. आई एकुलती एक, तिला ना बहीण ना भाऊ, आणि मी चार-पाच वर्षांची असल्यापासून ती मला सांगायची, "चल, मावशीला भेटून येऊ. पण बाबांना सांगायचं नाही हं."

आम्ही तेव्हा नगरच्या मिशन कंपाउंडात राहायचो. मंगलोरी कौलांची बैठी घरं, चिंचेची झाडं, पाच वाजता घंटा. बाबा शाळेत गणित शिकवायचे, आई बोर्डिंगच्या मुलींना शिवण. कंपाउंडात सिनेमा म्हणजे दारूच्या खालोखालचं पाप समजायचे. म्हणून दर पंधरवड्याला आईचा दोरा संपायचा. दोरा आणायला कापडबाजारात जावं लागायचं, आणि मला घरी एकटं ठेवता येत नसे. आमच्याकडे जेवढा दोरा संपला तेवढ्यात नगरच्या लष्करातल्या एका पलटणीचे गणवेश शिवून झाले असते. बाबा गणिताचे मास्तर, त्यांना हा हिशेब कसा कळला नाही असं मला फार वर्षं वाटायचं.

थिएटरमध्ये बायकांचं दार बोळातून होतं. लाकडी जिना, वर लाकडी बाकं. शेंगांची फोलपटं, खोबरेल, लहान पोरांचं मूत आणि भिंतीची ओल, असा एक वास तिथं कायम मुरलेला असायचा. दिवे गेले की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. अंधाराची भीती वेगळी आणि पडद्याची वेगळी. आईला माझी ती धडधड कळायची. वाईट काही येणार असलं की तिचा हात बरोबर माझ्या डोळ्यांवर यायचा. त्या हाताला मशीनच्या तेलाचा आणि खडूचा वास असायचा. मी त्या अंधारात विचारायची, "गेलं का?" आई म्हणायची, "थांब, अजून नाही." मग पुन्हा, "गेलं का?" "थांब." आणि हात निघायचा तेव्हा पडद्यावर शेत तरी असायचं नाहीतर गाणं.

आणि मावशी असायची. पहिल्यांदा मी तिला पाहिलं तेव्हा ती ऊसतोड करणारी होती, डोक्याला फडकं, हातात कोयता. पुढच्या खेपेला डॉक्टरीण. त्याच्या पुढं आंधळी. मग फडावर नाचणारी, मग चार धटिंगण मुलांची म्हातारी आई. मला त्यात काही चुकीचं वाटत नसे. माझी मावशी होती, तिला पुष्कळ कामं असतील. आई मात्र बघता बघता माझ्या कानात पुटपुटत राहायची. "पाय बघ तिचे. ती आधी पाय बदलते. ऊसतोडीला टाच आपटायची, आता डॉक्टरीण झाली तर चवडा आधी पडतोय. पाय बदलला की कंबर बदलते, कंबर बदलली की खांदे. तोंड सगळ्यात शेवटी. बाकीच्या सगळ्या नट्या तोंडापासून सुरुवात करतात." आई शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं बघायची, कापड कुठून बेतलंय ते तिला दिसायचं. घरी आलो की रांधताना तिचेही पाय बदललेले असायचे. भाजी ऊसतोडणीवाली फोडणीला टाकायची आणि भाकरी आंधळी थापायची. मी हसून हसून लोळायची. बाबांच्या सायकलची घंटा वाजली की स्वयंपाकघरात पुन्हा माझी आई उभी असायची. तेवढ्या एका क्षणाची मला थोडी भीती वाटायची, पण ती भीती तेव्हा गोड होती.

मग मावशी मेली. खोकून खोकून मेली, पांढऱ्या रुमालावर रक्त, आणि उशाशी दोन लहान मुलं. त्या वेळी आईचा हात उशिरा आला आणि मी सगळं पाहिलं. त्या रविवारी शब्बाथ शाळेत बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाच्या घरी आजार आहे, दुःख आहे, कुणासाठी प्रार्थना करायची. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी मावशी वारली. तिला दोन लहान मुलं आहेत. त्यांना आता कोण बघणार?" आणि मला रडू फुटलं. सगळ्या वर्गानं डोळे मिटले. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पाद्रीसाहेबांच्या घरच्या पाळकबाई आणि चर्चच्या महिला मंडळातल्या पाच-सहा जणी आमच्या दारात. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून एकीच्या हातात खिचडीचं पातेलं. आई मशीनवर बसली होती. पाळकबाई म्हणाल्या, "सलाम, बाई. तुम्ही आम्हाला एवढं परकं समजलात? सख्खी बहीण गेली आणि तुम्ही सकाळी मंडळीत बसून गीतं म्हटलीत?"

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी दाराच्या मागे. ती खरं सांगेल, आता कंपाउंडात आपली छी-थू होईल, बाबांची नोकरी जाईल, असं काहीबाही माझ्या डोक्यात. आणि मग मी तिचे पाय पाहिले. मशीनच्या पायट्यावरून ते हळूच खाली आले, अंगठे आत वळले. मग कंबर खचली, मग खांदे. तोंड सगळ्यात शेवटी. आई रडायला लागली. खरी रडली. नाक लाल झालं, हुंदका घशात अडकला. कुणीतरी विचारलं, कुठं असायच्या? "भंडारदऱ्याकडे," आई म्हणाली. "धरणाच्या पलीकडे. रस्ता नाही तिकडे. मला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती." मुलं कुठं आहेत? "आत्याकडे दिलीत."

एवढ्यात बाबा आले. बायको एकुलती एक आहे हे त्यांना माहीत होतं. ते दारात थांबले, सगळ्यांकडे बघितलं, टोपी काढली आणि मान खाली घालून प्रार्थनेला बसले. सगळ्या गेल्यावर आम्ही ती खिचडी खाल्ली. बाबा म्हणाले, "तुझी बहीण बरी होती म्हणे." आणि थोड्या वेळानं, "मीठ कमी आहे." त्यापुढं या विषयावर ते आयुष्यात कधी बोलले नाहीत.

आई भांडी घासत होती तेव्हा मी तिच्या पाठीशी जाऊन विचारलं, "मावशी खरंच मेली का गं?"

"नाही गं वेडे," आई हसत म्हणाली. "पुढच्या महिन्यात नवीन लागतोय तिचा. डाकू झालीय."

सगळे म्हणतील यात हसण्यासारखं आहे, आणि आहेच. त्या दोन पोरक्या मुलांसाठी मंडळीत वर्षभर प्रार्थना झाली. नाताळला त्यांच्यासाठी विणलेले दोन स्वेटर आले, त्यातला मोठा मी घरातल्या घरात, भीत भीत घातला. पण त्या दिवशी मोरीजवळ उभी असताना माझ्या मनात जे आलं ते मला अजून आठवतं. मेलेली मावशी खोटी. आईचं रडणं खोटं. मग मला कुशीत घेताना आई जे तोंड करते ते? त्याच्या आधी तिचे पाय बदलतात का? मी तिचे पाय बघायला लागले. शाळेतून आले की आधी पाय बघायची. ताप आला आणि ती उशाशी बसली तरी मी चादरीतून तिचे पाय बघायची. आईला वाटायचं, लेक लाजते.

तिसरीत असताना तो सिनेमा आला. त्यात मावशी एका गरीब घरातली बाई होती, पदर डोक्यावर, आवाज खाली. दुपारची वेळ. ती नवऱ्याच्या दुधात काहीतरी ढवळतीय. दाराशी तिची लहान मुलगी येते आणि विचारते, आई, काय करतेस? मावशी वळली नाही. तिनं फक्त तोंडाची डावी बाजू मुलीकडे केली आणि त्या बाजूनं हसली. प्रेमानं, अगदी लाडानं हसली. आणि उजवी बाजू, जी फक्त आम्हाला दिसत होती, ती हललीच नाही. डोळा नाही, गाल नाही, ओठाचा कोपरा नाही. एकाच तोंडात एक आई होती आणि एक कुणीच नव्हतं.

आईचा हात आला नाही. मी वाट बघितली, तरी आला नाही. मी वर पाहिलं तर आई पुढं वाकून बसली होती, पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर, आणि तिचा उजवा गाल ती बोटांनी दाबून धरत होती. ती शिकत होती.

त्यानंतर तिनं हा आरसा घेतला. हरेगावच्या यात्रेतून. आम्ही प्रोटेस्टंट, त्या यात्रेला जायची आमच्यात रीत नाही, पण शेजारच्या कॅथलिक काकूंबरोबर आई गेली आणि मावशी हातात घेऊन आली. दुपारी मशीनचा आवाज चालू असायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की मला कळायचं, आता ती आरशात बघतीय. महिनाभर चाललं. उजवी बाजू थांबवणं फार कठीण, आई कुणाशी तरी बोलावं तसं आरशाशी म्हणायची, डावी हसली की उजवी लगेच मागं जाते. बहिणीसारखी.

आणि एका दुपारी ती माझ्यासाठी दुधाचा पेला घेऊन आली. मी भूगोलाच्या वहीत नकाशा काढत होते. "आई, काय आणलंस?" मी विचारलं. तेवढंच तिला हवं होतं. ती वळली, आणि डावी बाजू हसली.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. चिंचेखाली सापडले म्हणे, चड्डी ओली, दात वाजतायत. दोन दिवस ताप. आठवडाभर मी आईच्या हातचं दूध प्यायले नाही, बाबांनी पेला धरला तरच प्यायचे. आई दारात उभी राहून बघायची, आत यायची नाही. आठव्या दिवशी ती आली, माझ्या खाटेपाशी जमिनीवर बसली, तिचे दोन्ही पाय तिनं माझ्यासमोर सरळ पसरले. तिला माहीत होतं मी काय बघते ते. म्हणाली, "बाळ, ते तोंड मी तुला परत कधी दाखवणार नाही. मरेपर्यंत नाही. हा माझा शब्द." आमच्यात शपथ घालत नाहीत. शब्द देतात, आणि दिला की विषय संपतो. तिनं पेला पुढं केला आणि मी दूध प्यायले.

विषय खरंच संपला. आईनं पुढं सगळी तोंडं केली. डाकू केली, म्हातारी केली, माझ्या लग्नात फडावरची केली आणि विहिणीला घाम फोडला. माझ्या मुलांना तिनं एकेक सिनेमा अख्खाच्या अख्खा करून दाखवला. पण ते तोंड नाही. मी तर विसरूनच गेले. बाबा गेले, कंपाउंड सुटलं, सावेडीत फ्लॅट झाला, त्या थिएटरच्या जागी कपड्यांचं दुकान आलं. मागच्या वर्षी टीव्हीवर मावशी दिसली, कुठलासा सत्कार घेत होती, केस पांढरेशुभ्र. आई खुर्चीतून उठून उभी राहिली. "पाठ बघ तिची," म्हणाली. "अजून पाय आधी येतात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं की कसं हे मी तपासलं नाही. ती सवय कधीच सुटली होती, असं मला वाटायचं.

आज सकाळी सुमन आली तेव्हा मी आरसा हातात घेऊन ओट्यापाशी उभी होते. ती म्हणाली, "घावला का ह्यो? म्या पुसून ठिवला हुता."

"तू? हा आरसा तू वापरतेस?"

"मी कशाला. आई वापरायच्या. तुमी यायच्या आदी त्या रोज करायच्या की. चार चार येळा. शिनेमातली तोंडं करून दावायच्या, गाल हालंना तरी दावायच्या. मी हासून हासून बेजार व्हायची. लई भारी हायत्या."

"मग आता का करत नाही?"

सुमननं पीठ मळता मळता वर पाहिलं. तिला वाटलं मला माहीत असेल. "त्यांनीच सांगितलं, लेक येनार हाय, आता बंद. म्हनल्या, ह्ये त्वांड तिला दावायचं न्हाई, शब्द दिलाय. कसला शब्द वो ताई?"

मी ओट्याला टेकले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि सुमननं ती उलटली. चाळीसहून जास्त वर्षं. मला वाटत होतं ती लाजतीय, रुसलीय, मी उशिरा आले म्हणून मला शिक्षा देतीय. आणि ती एका आठ वर्षांच्या भित्र्या पोरीला दिलेला शब्द पाळत होती. माझ्यापायी तिचा चेहरा चालला होता. दोन आठवडे मी इथं तिची काळजी घेत बसले होते, आणि मी इथं असणं हेच तिचं दुखणं झालं होतं.

सुमन गेल्यावर मी आईच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसलेली, पदर उजव्या गालावर, नजर कडुनिंबावर. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि आरसा तिच्या मांडीवर ठेवला, मावशीची बाजू वर करून.

"आई, तो शब्द मी परत घेते."

ती बोलली तेव्हा शब्द एका कडेनं सांडत होते. "दिलेला शब्द परत घेत नाहीत."

"दिलास तू. घेतला मी. म्हणजे तो माझा आहे. मी तो टाकून देते."

"घाबरशील."

"घाबरले तर घाबरले. मला आता दूध प्यायचं नाहीये. तू व्यायाम कर."

मला वाटलं, ती आता भिंतीकडे वळणार. उद्या ती मुलगी येईल, गाल दाबून बघेल आणि पुन्हा वाक्य अर्धं सोडेल, एवढंच मला दिसत होतं. मग आईचे पाय पलंगावरून खाली आले. ते तिनं जमिनीवर नीट टेकवले, एक जरा पुढं, एक मागं. पाठ सरळ झाली, मग खांदे. आणि सगळ्यात शेवटी तिनं पदर खाली घेतला.

मी बघितलं. भुवई खाली उतरलेली, डोळा मोठा आणि ओला, गालाला एकही सुरकुती नाही. त्या बाजूनं आई तरुण दिसत होती. ओठाचा कोपरा गळून गेलेला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डावी बाजू हसली. उजवीकडे काहीच झालं नाही. तेच तोंड, जसंच्या तसं, दुपारच्या उजेडात, हातभर अंतरावर. आठ वर्षांची असते तर मी पळाले असते.

"महिना लागला होता मला," आई म्हणाली. "आता आपोआप येतंय." आणि आरशामागच्या मावशीवर बोट ठेवून, "हिच्यापेक्षा बरं झालं का?"

"हिच्यापेक्षा भयंकर," मी म्हणाले.

डावी बाजू पुन्हा हसली. मग तीही थांबली. "घाबरलीस?"

खोटं बोलायचं ठरवूनच मी आत आले होते. पण तिच्यापुढं खोटं कुणाला जमलंय. "हो," मी म्हणाले.

"मी पण," आई म्हणाली.

ती घाबरते हे तिनं मला जन्मात पहिल्यांदा सांगितलं. बाबा गेले तेव्हाही सांगितलं नव्हतं. मी तिचे पाय बघितले नाहीत.

मग आम्ही व्यायाम केला. मी आरसा धरला. भुवया उचल, एक उचलली. गाल फुगव, वारा उजवीकडून निसटला, पुन्हा फुगव. ओठ रुंद कर. दहा वेळा. तिला घाम आला, मलाही. शेवटी डोळा राहिला. त्या मुलीनं सांगितलं होतं, तो आपण मिटवून धरायचा आणि पेशंटनं आतून मिटायचा प्रयत्न करायचा. मी तळहात तिच्या उघड्या डोळ्यावर ठेवला आणि हलकेच खाली ओढला. डावा तिनं आपला आपण मिटला. तिच्या पापणीची ऊब माझ्या हाताला लागली. माझ्या हाताला भांड्यांच्या साबणाचा वास येत असेल.

बाहेर कुणाची तरी रिक्षा वळली. आई हाताखाली आतून जोर लावत राहिली. मी तिच्या उजव्या गालाकडे बघत होते, काही हलतंय का, एखादा दोरा तरी ओढल्यासारखा होतोय का.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हणाले. "अजून नाही."